मोठ्यानं वाच

"मोठ्यानं वाच गं! उसापातुर ऐकू गेलं पायजे," सोजराबाई गोठ्यातून ओरडल्या.

नीलम ओट्यावर बसून उद्याच्या पेपरचं वाचत होती. एम.ए. इंग्रजी, शिरूरचं सेंटर. अंगण संपलं की ऊस. शेजारच्या सर्जेरावांची कालवड बिबट्यानं नेल्यापासून न्हावऱ्याच्या या वस्तीवर कुणी गप्प बसत नसे. माणसाचा आवाज असला की तो लांब राहतो म्हणतात. सोजराबाई म्हशीशी भांडत, आणि त्यांची ही सून उसाला वास्तववाद ऐकवी. दोन वर्षांची इशू पायाशी वाटी आपटत होती.

"काय म्हंतुय तुजा इंग्रज?"

"म्हणतोय, बाहेर जे दिसतं ते आहे तसं लिहा, आत्या."

"आन् त्याला यवढं शिकाया लागतं व्हय?"

नीलम हसली. पान उलटलं. आधुनिकतावाद. या लेखकांना बाहेरचं पुरेना. माणूस बसल्या जागी कशाला भितो, एका क्षणात केवढं जगून येतो, ते हे लिहीत. हे तर आपलंच, तिला वाटलं. ओठ कधी मिटले, कळलंच नाही.

"नीलम! आवाज का गं बंद झाला?"

तिनं मान वर केली. वाटी होती. इशू नव्हती.

एका श्वासात तिला विहीर दिसली, हौद दिसला, कालवड ओढत नेल्याची फरफट दिसली. मग इशू. उसाच्या तोंडाशी, पाठमोरी, आत बघत.

पळायचं नाही, वाकायचं नाही, असं वनखात्याची माणसं सांगून गेली होती. नीलम चालत निघाली. तोंडाला येईल ते मोठ्यानं म्हणत. लेखकांची सालं, नवऱ्याचं नाव, वास्तववाद, वास्तववाद. आवाज चिरकत होता. लेकीला उचलायला मात्र वाकावंच लागलं. तिला छातीशी धरून, उसाकडे तोंड ठेवूनच, ती मागं मागं सरकत ओट्याला टेकली.

सोजराबाई चरवी बडवत धावत आल्या. "दिसला का?"

"नाही. काहीच नाही दिसलं."

"मंग वाऱ्यानं ऊस हालला आसंल. बस खाली, पानी पी."

वारं नव्हतं. उसाचं पातंही हलत नव्हतं. कडेवरच्या इशूनं उसाकडे बोट धरलं होतं, आणि ते बोट हळूहळू, थांबत थांबत, गोठ्याच्या दिशेनं सरकत होतं.