नाव उंबऱ्याच्या आत

"फोन बंद केलात ना, सर?" गाडी सुरू करण्याआधी कॉन्रॅडने विचारलं.

मेजर चंद्रहास हसले. हा नियम त्यांचाच होता. सैन्यातून निवृत्त होऊन जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी झाल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि आता त्यांच्याकडे पदकांपेक्षा नियमच जास्त होते. जवान गेल्याची बातमी घेऊन निघालं, की फोन बंद. एकदा राजोडीला, नेमकं तोंड उघडताना, त्यांच्याच खिशातून वरातीतलं गाणं वाजलं होतं. ते आठवलं की आजही कान तापत.

"केला. नावाचा कागद घेतलास?"

कॉन्रॅडने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. तो माजी हवालदार, मूळचा वसईजवळच्या सांडोरचा, दोन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली. सकाळी चंद्रहास बैठकीत होते, तेव्हा युनिटचा फोन त्यानेच घेतला होता. बैठक सुटली तेव्हा तो दारातच उभा होता.

"वसईत जायचंय, सर. आज मला बोलू द्या," एवढंच म्हणाला.

चंद्रहासांना बरं वाटलं होतं. महिनाभराने ते हेही पद सोडणार होते. कुणीतरी हे काम शिकायलाच हवं होतं.

नाव मात्र त्यांनी विचारलं नाही. नाव उंबऱ्याच्या आत, हा सगळ्यात कडक नियम. पहिल्याच वर्षी चांदीपला त्यांनी पानटपरीवर जवानाचं नाव घेऊन घर विचारलं होतं. सरकारी गाडी बघून टपरीवाला काय ते समजला. चंद्रहास घरी पोचेपर्यंत जवानाच्या आईला नळावरच कळलं होतं. हंडा तिथेच टाकून ती बांधावरून धावत सुटली. कुठे, ते तिलाही माहीत नसावं. त्या माउलीला आपण धावायला लावलं, याची लाज चंद्रहासांना अजून वाटे. तेव्हापासून नाव रस्त्यावर नाही, गाडीत नाही, आपसातसुद्धा नाही.

"चल, म्हणून दाखव," ते म्हणाले.

"टोपी काढायची. पाण्याला, चहाला हात लावायचा नाही."

"का?"

"त्या बाईला नंतर जन्मभर वाटत राहतं, की असं झालं होतं आणि मी यांच्यासाठी चहा करत बसले होते."

"पुढे?"

"आधी सगळ्यांना बसवायचं. मग विचारायचं, घरात आणखी कोण आहे. धरायला माणूस हवं. आणि मग हुद्द्यासकट पूर्ण नाव."

"आवाज कापतोय तुझा."

"हो, सर."

"कापू दे. ज्याचा कापत नाही, त्याला मी हे काम देणारही नाही."

हायवे सोडून गाडी वसईच्या रस्त्याला लागली.

"घर फार आत आहे का रे?"

"नाही, सर. आत नाही."

सांडोरचंच असणार, चंद्रहासांच्या मनात आलं. ओळखीचं घर असणार, म्हणून याचा जीव असा खालीवर होतोय. त्यांनी खोदून विचारलं नाही.

गाडी त्यांच्याच सोसायटीत वळली. त्यात नवल नव्हतं. असल्या वेळी त्यांची बायको मनोरमा नेहमी सोबत यायची. आईजवळ आईनेच बसावं, असं तिचं म्हणणं. त्यांचा वेदांतही सैन्यात, कॅप्टन, उत्तरेला कुठल्याशा उंच ठाण्यावर. अशा घरून परतली की ती दोन-दोन दिवस धड जेवायची नाही, तरी पुढच्या वेळी तयार.

"खालूनच हाक मारतो तिला," चंद्रहास म्हणाले.

"वर जाऊ या, सर."

मनोरमाने दार उघडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"मघापासून फोन बंद लागतोय, म्हणजे जायचंय. दोन मिनिटांत साडी बदलते." मग तिचं लक्ष कॉन्रॅडकडे गेलं. "अहो भाऊ, चेहरा किती उतरलाय तुमचा! पहिल्यांदाच ना? चहा तयारच आहे, घोटभर घ्या आधी."

तिने दोन कप आणून टेबलावर ठेवले. कॉन्रॅड उभाच होता.

"घे रे," चंद्रहास म्हणाले. "तो नियम त्या घरासाठी. इथे चालतो चहा."

कॉन्रॅडने कपाला हात लावला नाही. त्याने टोपी काढून काखेत धरली.

"वहिनी, तुम्ही आधी बसा," तो म्हणाला. मग चंद्रहासांकडे वळला. "तुम्हीपण बसा, सर. घरात आणखी कोण आहे?"