आधी थांबव, मग शोध

"बंद करून परत चालू करा की! घरी टीव्हीला करतोच ना आपण?" मोठे डॉक्टर तिच्या खुर्चीमागून ओरडले आणि त्यांनी बटणाकडे हात नेला.

खुर्चीतल्या वादळनं तो मध्येच अडवला. "नको सर. अर्धवट लिहिलेलं सगळं जाईल. काका म्हणतात, आधी थांबव, मग शोध."

तिला वादळ हे नाव काकांनीच ठेवलेलं, तिच्या घाईमुळे. रुग्णालयाचा हा सर्व्हर त्यांनी पोटच्या पोरासारखा सांभाळला, आणि तिलाही त्यांनीच हाताला धरून काम शिकवलं. आज सकाळी ती खाली चहाला गेली, तेवढ्यात काका इथेच, या खुर्चीत कोसळले. आता ते अतिदक्षता विभागात बेशुद्ध होते आणि इकडे सर्व्हर अडेलतट्टू होऊन बसला होता.

रोग्यांचे जुने एक्स-रेचे फोटो उघडत होते, नवा मात्र एकही साठत नव्हता. शस्त्रक्रिया खोळंबल्या होत्या.

डिस्क ठणठणीत. केबल शाबूत. मग तिनं अडकलेल्या कामांची रांग काढली. सगळी लिहायच्या दाराशी येऊन थबकलेली. पहिलंच काम तिचं स्वतःचं होतं, चहाला जाताना घाईघाईत लावलेली केरकचऱ्याची, म्हणजे निरुपयोगी फायली पुसायची, सफाई.

"तूही अडकलंस का रे बाबा," ती पुटपुटली.

आणि मग तिच्या लक्षात आलं. फोटोंचा साठा बिघडलाच नव्हता. तो कुणीतरी आज्ञा देऊन गोठवला होता, त्यात काही लिहिता येईना की पुसता येईना. आज्ञा कुणाची ते तिनं पाहिलं. काकांची.

अरे देवा! साठ्याची जुनी नक्कल, म्हणजे बॅकअप, खराब झालेली, नवी ते आजच घेणार होते. "आधी केर काढ, मग नक्कल घेऊ," असं सकाळीच म्हणाले होते. नक्कल घेताना साठा क्षणभर गोठवतात. त्यांनी गोठवला असणार, आणि सोडायच्या आतच छातीत कळ आली असणार.

"कुणाचा पराक्रम हा?" डॉक्टरांनी विचारलं. "कळू दे फक्त, घरीच बसवतो त्याला."

निवृत्तीला महिना राहिलेला माणूस. जन्मभर एक चूक नाही, आणि जाताजाता कपाळी हा डाग? तिला ते सहनच होईना.

"कुणाचा नाही सर. यंत्रच रुसलं होतं," ती म्हणाली आणि तिनं साठा सोडला.

रांग धडाधड हलली. नवे फोटो दिसायला लागल्याचा खालून निरोप आला. डॉक्टर "शाब्बास" म्हणून निघून गेले. काकांचं नाव राहिलं! तिला रडूच फुटायचं बाकी होतं. पडद्यावर मोकळ्या जागेचा आकडा भराभर वाढत होता. बराच केर साचला होता म्हणायचा.

फोन वाजला. काकू होत्या.

"शुद्धीवर आले गं! बोलू नका म्हटलं तर ऐकतील तर शपथ. तुझाच धोशा लावलाय."

"काय म्हणतायत?"

"मला मेलीला त्यातलं काय कळतंय! म्हणे, वादळला सांग, तुझी सफाई रोग्यांच्या फोटोंवर सुटलीय, म्हणून मी सगळं गोठवलंय. ती आधी बंद कर, मगच सोड."