पाठ टेकेपर्यंत

हलगी वाजायला लागली होती. उदयसिंह अंगाला माती चोळत होता, तेवढ्यात मैदानाच्या कडेहून हाक आली.

"ए पैलवान. हिकडं बघ की जरा."

उदयसिंहाने वळून पाहिलं नाही. आवाज त्याने ओळखला होता. कुरुंदवाडचा धनपाल. तीन वर्षांपूर्वी याच मैदानात ढाकेचा डाव लावून, मान काखेत धरून त्याने धनपालला उचलून टाकलं होतं. धनपाल मानेवर पडला, आणि त्या दिवसापासून गळ्याखालचं अंग त्याचं राहिलं नाही. उदयसिंह त्याला भेटायला म्हणून कितीदा तरी निघाला, आणि दर वेळी कुरुंदवाडच्या अलीकडूनच मोटरसायकल वळवून परत आला.

"भितोस व्हय मला? मी काय उठून मारणार हाय?"

जवळची चार माणसं हसली. मग त्याला जावंच लागलं.

धनपाल चाकांच्या खुर्चीत होता. छातीला पट्टा बांधलेला. मागे त्याची बायको ऐश्वर्या खुर्ची धरून उभी होती. ती उदयसिंहाकडे न बघता म्हणाली, "ह्यांनीच हट्ट धरला. मी नको म्हणत हुते."

"कशी वाटती गाडी?" धनपालने विचारलं. "लायसन लागत न्हाय."

उदयसिंहाला हसता आलं नाही. "एवढ्या उन्हाचं कशाला आलास?"

"तुझी कुस्ती बघायला. कागलात पडलास, सांगलीत पडलास. शाहूवाडीच्या त्या पोरानं तर तुला चहा गार व्हायच्या आत पाडला. मोबाइलवर सगळं बघतोय मी. ढाकेला जातोस, गड्याच्या गळ्यात हात घालतोस, आन सोडून देतोस. का?"

"वय झालं आता."

"थापा मारू नगस. गडी हाताला आला की तुला मी दिसतोय."

उदयसिंहाने लंगोटाची गाठ पुन्हा आवळली. पंच गणपतरावांनी पुकारा केला. पलीकडून विश्वजित मैदानात उतरला, तसा लोकांनी गलका केला.

"लोकं खुर्ची बघत्यात आन मला इचारत्यात, कुणी पाडलं," धनपाल म्हणाला. "मी तुझं नाव सांगतो. हसत्यात रं. म्हणत्यात, त्यो उदयसिंह? त्यो तर कुणाकडनंबी पडतोय." ऐश्वर्याने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. "मी लेच्यापेच्या गड्याकडनं पडलेलो न्हाय. आज तेवढं दाखव त्यास्नी. ढाकच लाव."

विश्वजित उदयसिंहाच्या जवळजवळ निम्म्या वयाचा होता आणि दीडपट ताकदीचा. त्याने वाकून मूठभर माती उचलली, उदयसिंहाच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "अण्णा, संभाळून घ्या." उदयसिंहाने त्याच्या हातावर माती ठेवली. हाताला हात भिडले, खडाखडी सुरू झाली.

पोरगं रेटत होतं. उदयसिंह मागे सरकत कडेपर्यंत गेला, फिरला, पुन्हा मागे सरकला. त्याचा श्वास तुटायला लागला. "म्हाताऱ्याला घरला जाऊ दे रं," कुणीतरी ओरडलं. विश्वजितलाही तेच हवं होतं बहुतेक. तो घाईने आत शिरला, आणि घाईत त्याने मान पुढे दिली.

उदयसिंहाचा हात आपोआप त्या मानेभोवती गेला. पाय आडवा पडला. आता फक्त फिरायचं होतं. पण नेमका इथेच तो आवाज असायचा, धनपालची मान मोडल्याचा. तीन वर्षं तो आवाज कोपराच्या आत दबा धरून बसलेला होता. दुसऱ्याची मान तिथे आली की तो ऐकू यायचा, आणि हात सुटायचा.

आजही तो आला. उदयसिंह तरीही फिरला.

विश्वजित अंगावरून गेला आणि पाठीवर आला. माती उडाली. सगळं मैदान उठून उभं राहिलं, हलगीवाला पुढे धावला, कुणीतरी फेटा उडवला. गणपतराव मात्र शिट्टी तोंडात धरून खाली वाकले. गुडघे टेकले, मग मातीला गाल लावून दोघांच्या मधून आरपार बघितलं.

"पाठ टेकलेली न्हाय," ते म्हणाले. "खांदं वर हायती. मधी हात हाय."

उदयसिंहाचा डावा हात विश्वजितच्या मानेखाली होता. पंजा उघडा, बोटं खांद्यांपर्यंत पसरलेली, तान्ह्या पोराची मान धरावी तशी. तो हात तिथे कधी गेला हे त्याला कळलं नव्हतं.

"काढ हात," गणपतराव म्हणाले. "टेकू दे त्याला. मग देतो कुस्ती."

हलगी थांबली. कडेहून धनपालचा आवाज आला, "काढ की लेका. जिकलायस तू."

विश्वजित खाली पडल्या पडल्या वर बघत होता. त्याने जोर केला असता तर तो सुटला असता. त्याने जोर केला नाही.

"अण्णा, पडलोय मी," तो हळूच म्हणाला. "काय झालं न्हाय मला. काढा."

उदयसिंहाने मान डोलावली. व्हय, काढतो. विश्वजित श्वास घेत होता, आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या मानेची शीर उदयसिंहाच्या तळहातावर उडत होती. गणपतरावांनी उदयसिंहाचं मनगट धरलं आणि ओढून पाहिलं. मग दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. हात निघाला नाही.