तक्रारीतल्या चुका

बाईंनी कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. तिने तो लगेच ओळखला. बाईंविरुद्ध विभागप्रमुख सरांकडे गेलेली निनावी तक्रार. त्यांच्या या विद्यार्थिनीनेच लिहिलेली, तीही चिनी भाषेत. नाव द्यायचं नव्हतं, पण लिहिणारी हुशार आहे हे मात्र सरांना कळायला हवं होतं. आता त्यावर जागोजाग लाल शाई होती.

चीनहून शिकवायला आलेल्या बाईंची नोकरी एकेका वर्षाच्या कराराची. सरांनी सोमवारपर्यंत लेखी उत्तर मागितलंय, असं त्यांनी वेळापत्रक वाचून दाखवावं तसं सांगितलं.

"पण बाई, हे मी..."

बाईंनी पेनाचं टोक पहिल्या ओळीवर ठेवलं. 'मी' हे अक्षर काढताना वरची तिरकी रेघ राहिली, की त्याचं 'शोधणे' होतं. तिच्याकडून ती तीन वर्षं राहत होती. शनिवारी वर्ग सुटल्यावर बाई तिला एकटीला थांबवून ते अक्षर गिरवून घ्यायच्या, तरी राहायची. या कागदावर पाच ठिकाणी राहिली होती.

तिचे कान तापले. नाही म्हणायला उघडलेलं तोंड तिने तसंच मिटलं.

'आजचा चिनी समाज' या विषयाच्या तासाला बाई पुस्तकाबाहेरचं काही सांगत नाहीत, असं तिने लिहिलं होतं. कुणी तिथल्या सरकारबद्दल काही विचारलं की आधी दाराकडे बघतात. हे बघणं ती मधल्या सुट्टीत हुबेहूब करून दाखवायची आणि अख्खा वर्ग पोट धरून हसायचा.

बाई एकेक चूक समजावत गेल्या. कुठे शब्द मागेपुढे झाला, कुठे क्रियापद हुकलं. शनिवारच्याच सावकाश आवाजात. ती खाली बघून मान हलवत राहिली.

शेवटच्या ओळीला लाल शाई लागली नव्हती. तिथे लिहिलं होतं, 'बाई घाबरतात.'

"मी आत्ताच सरांकडे जाते," ती कशीबशी म्हणाली. "सांगते, सगळं खोटं लिहिलं म्हणून."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"माझी आई तिकडे चीनमध्येच आहे. धाकटा भाऊही," त्या म्हणाल्या. मग त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाक्य अगदी बरोबर लिहिलंयस."