तरंगघरातली भाकरी

द्वारकाबाईंनी परातीतल्या गोळ्यावर थाप मारली आणि त्या स्वतःच तरंगत मागे निघाल्या. परात भिंतीला पक्की होती. वजन मात्र अंतराळातल्या या दवाखान्यात, तरंगघरात, कुणालाच नव्हतं. भिंतीतला पट्टा कमरेला बांधलेल्या, भेटीला आलेल्या नरहररावांनी बायकोचे पाय धरले आणि तिला हळूच परत ओढून आणलं.

“अहो, पाय काय धरताय? पाप लागेल मला.”

“इथं वर कोण, खाली कोण? तू थाप.”

मणक्यातली चकती सरकल्यापासून द्वारकाबाई घरी अंथरुणाला खिळल्या होत्या. इथं चकतीवर भारच नव्हता, म्हणून दुखणंही नव्हतं. पण वजनाची सवय मोडलेली हाडं झिजत चालली होती. आज घरी नेलं नाही, तर ती खालचं वजन पेलण्याजोगी उरणार नव्हती, मग पुन्हा कधीच नेता येणार नव्हतं. नरहरराव न्यायलाच आले होते.

भाकरी गोल झाली. द्वारकाबाई हसल्या, कमरेला हात न लावता. पिठाचे कण त्यांच्याभोवती खाली न पडता हिंडत राहिले.

नर्सनं दारातून विचारलं, “आजोबा, आजींची तयारी करू ना?”

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही म्हणाल तसं.”

लग्नापासून हेच वाक्य ऐकत आलेल्या नरहररावांना आज ते पेलवेना. “आज तू सांग,” ते म्हणाले.

“घर आठवतं हो. पण तिथं गेले की पुन्हा तेच कण्हणं. मी इथंच राहते. तुम्ही येत जा.”

नरहररावांनी मान हलवली. पाय सोडायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.