शेतात सापडलेलं कासव

"असं उलटं कावून धरलंय? जीव जाईल त्याचा!"

छबुबाई उंबऱ्याच्या आतूनच ओरडली. अंगणात तिचा नवरा रामकिसन कासव धरून उभा होता. कासव पाय झाडत होतं आणि रामकिसन त्याच्याहून जास्त घाबरला होता.

"शाळूच्या वावरात सापडलं," तो म्हणाला. "बांधापाशी. मला वाटलं धोंडाच हाय."

"खाली ठिवा आधी."

त्यानं ते उंबऱ्याच्या बाहेर, अगदी लगत ठेवलं.

मानमोडीच्या तापाच्या साथीत लेक गेली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून छबुबाईनं पुढचा उंबरा ओलांडला नव्हता. पाणी शेजारची वत्सलाबाई भरून द्यायची. घरातलं सगळं छबुबाई करायची, पण दाराबाहेरच्या जगावर तिनं पाणी सोडलं होतं. दिवाळीला तिचा बाप, आबा, न्यायला आला, म्हातारा गंगाथडीहून पायी चालत. त्यालाही तिनं आतूनच वाटेला लावलं. रामकिसननं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, देवऋषीसुद्धा आणून झाला. हिला आपण असेच हळूहळू गमावून बसणार, या धास्तीनं त्या भल्या माणसाला अन्न गोड लागत नव्हतं. आठवडाभर तो बैल बघायला म्हणून बाहेरगावी हिंडला होता आणि कालच हात हलवत परतला होता.

तशी दोघंही मासे धरणाऱ्या भोयांच्या घरातली. पण रामकिसनच्या आज्यानं पाणी सोडून जमीन धरली आणि घराण्याची पाण्याशी ओळखच तुटली. रामकिसनला साधं पोहता येत नव्हतं. छबुबाई मात्र गंगेकाठची, म्हणजे गोदावरीकाठची, बापाच्या नावेत वाढलेली. जाळ्याची दोरी बाभळीच्या सालीत उकळायचं काम लहानपणी तिच्याकडेच असायचं.

तेवढ्यात शेजारचा धुळाजी आला. गावात कुणाचं काही चाललेलं असलं आणि धुळाजी तिथं नसला, असं कधी झालं नाही.

"विहिरीत सोडा बे," तो म्हणाला. "कासव असलं की पानी साफ ऱ्हातं."

"विहिरीत कावून?" रामकिसन म्हणाला. "वावरात सापडलं म्हंजी जमिनीवरचंच की. पानी दावलं तर बुडून मरंल."

छबुबाईला राहवलं नाही. ती खाली बसली आणि उंबऱ्याआडून हात पुढं केला.

"काय तरी बोलू नगा. बोटं बघा त्याची, मधी पडदा हाय. नाक बघा, नळीवानी. जमिनीवरल्याचा पाय आखूड आन् गोळा असतो, पाठीला उंचवटा असतो. ह्ये पाण्याचंच."

"मंग विहीरच की!" धुळाजीला जोर चढला.

"मादी हाय ही. विहिरीच्या दगडात अंडी कुठं घालंल? तुमच्या पटक्यात?"

धुळाजीनं पटका नीट केला.

कासवाच्या मागच्या पायाला दोरीचा तुकडा गुंडाळला होता. छबुबाईनं तो हलक्या हातानं सोडवला.

"काट्याकुट्यात अडकला असंल," रामकिसन म्हणाला.

"असंल." तिनं तुकडा कनवटीला खोचला. "हिला नदीला न्यावं लागंल. मांजरेला."

"मी नेतो की," म्हणून रामकिसननं कासवाला एका पायाला धरून उचललं.

"अवो!"

छबुबाईनं ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पोटाशी धरलं. मग तिच्या ध्यानात आलं की आपण अंगणाच्या मधोमध उभ्या आहोत. ऊन डोळ्यांत जात होतं. क्षणभर ती थबकली. फडक्यातल्या जिवानं धडपड केली, तशी ती चालू लागली. रामकिसन मागून निघाला. तो जरा लंगडत होता.

"काय झालं पायाला?"

"काटा मोडलाय."

वेशीपाशी बीबीजान सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. छबुबाईला पाहून तिच्या हातातलं फळ तसंच राहिलं.

"या अल्ला! छबू, तूच ना गं?" ती उठली, जवळ आली आणि छबुबाईच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. मग दोन पिकली सीताफळं रामकिसनच्या हातात कोंबली. "हिला खाऊ घाल. लई वाळली पोर."

छबुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते वाईट नव्हतं.

पुढं कोसभर वाट होती. शाळू गुडघ्याएवढा झाला होता. बांधावर कुणी ना कुणी भेटत होतं, थांबत होतं, कासव बघून जात होतं. ती प्रत्येकाला पायाची बोटं दाखवून समजावून सांगत होती. रामकिसन दर वेळी नव्यानं ऐकत असल्यासारखा मान डोलवत होता.

मांजरेच्या काठी तिनं मऊ वाळू पाहिली, पाण्याचा उथळ भाग पाहिला आणि कासव तिथं ठेवलं. बराच वेळ ते हललं नाही. मग नळीसारखं नाक बाहेर आलं, मान लांब झाली, आणि बघता बघता ते पाण्यात शिरलं.

"जाईल का गं घरी?" रामकिसननं विचारलं.

"जाईल की. मांजरा शेवटाला गंगेलाच मिळते."

रामकिसन चपापला; पण ती पाण्याकडेच बघत होती. तिनं तोंडावर पाणी मारलं, पाय नदीत सोडले आणि सीताफळ फोडून अर्धं त्याला दिलं. बिया कोण लांब फेकतो, यावरून दोघांची पैज लागली. ती जिंकली आणि हसली. वर्षभरात रामकिसननं ते हसू पाहिलं नव्हतं. तो तोंड वळवून डोळे पुसू लागला.

"उद्यापासून पानी मीच आणीन," ती म्हणाली. "वत्सलाबाईला किती तरास द्यायचा?"

"बरं."

निघताना तिनं कनवटीतून दोरीचा तुकडा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. बाभळीच्या सालीत उकळलेली तांबडी दोरी होती ती.

"आबाला म्हनावं, कासव धाडायचंच असंल तर गाठ जरा सैल बांधावी, बिचारीचा पाय काचला," ती म्हणाली. "न्हाई तर ऱ्हाऊ द्या. तुमचे पाय आधीच फोडांनी भरलेत. मीच जाऊन सांगते."