बुटातले टेकू

दिनांक चौदा जुलै, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कचऱ्याच्या डब्यात दोन रबरी टेकू सापडले, आणि वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या बाबांचा पारा चढला. धावताना लेकीचे पाय आत कलंडत आणि मग गुडघे दुखत. म्हणून बुटांत घालायला ते टेकू त्यांनी स्वतः कानशीने घासून घडवले होते. मार्चमध्ये तिचा ओला पाय फरशीवर उमटवून पाहिला, तेव्हा तळवा विटेसारखा अख्खा उमटला होता. आतल्या बाजूला कमानीची कोरडी जागा नावालाही नव्हती.

लेक अनवाणी उभी राहून पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करत होती.

"हे चाळे करून पाय सुधारतो होय? कललेल्या भिंतीला टेकूच लागतो!"

"मी भिंत नाही, बाबा! टेकूवर रेलून पाय आळशी झालाय. मी त्याला कामाला लावलंय."

"मला शिकवू नकोस. आजपासून तुझं धावणं बंद!"

तिने फरशी पुसायच्या बादलीत पाय बुडवला, झटकला आणि कोरड्या फरशीवर सगळा भार देऊन रोवला. "आता मोजा!"

बाबा तणतणतच खाली बसले आणि खिशातली पोलादी पट्टी ठशाला लावली. आतल्या बाजूला, मधोमध, फरशी कोरडी होती. नऊ मिलिमीटर.